चहाघराची बैठक

जुनं घर पाडण्याऐवजी त्याचं चहाघर करायचं, ही कल्पना आता जगभर रुजली आहे. क्योतोमधली व्यापाऱ्यांची लाकडी घरं, पेनांगमधली चिनी वळणाची दुकानघरं, फोर्ट कोचीतली डच काळाची आठवण सांगणारी घरं, पणजीच्या फोन्तेन्यशमधली रंगीत घरं, सगळीकडे हा बदल दिसतो. अशा जागेत एका छपराखाली दोन-तीन संस्कृती नांदाव्यात अशी मालकाची हौस असते. एका खोलीत जपानी चटई, दुसरीत मोरोक्कोचे कंदील, ओसरीवर राजस्थानी झरोका, भिंतीवर वारली चित्र. काही ठिकाणी हे मिश्रण इतकं सहज जुळून येतं की तासभर बसलेल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही. काही ठिकाणी तितकाच पैसा आणि तितकीच मेहनत खर्चूनही जागा परकी वाटत राहते. हा फरक मालकाच्या रुचीमुळे पडतो असं सहसा मानलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही. शैली नुसत्या डोळ्यांना आवडल्या म्हणून गोळा केल्या की मिश्रण विस्कटतं. चहा कोणत्या रीतीनं प्यायला जाणार, माणूस कशावर आणि किती वेळ बसणार, त्याच्या हाताशी काय लागणार हे आधी ठरवलं आणि त्या बैठकीला साजेल तेवढंच आणलं, मग ते कुठल्याही देशातलं असो, तर ते जुळतं. आणि घर जुनं असेल तर बैठकीबद्दल त्या घराचंही काही म्हणणं असतं. ते आधी समजून घ्यावं लागतं.

तैवानची राजधानी तैपेई इथलं विस्टेरिया टी हाऊस हे याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण. अंगणातल्या तीन जुन्या विस्टेरिया वेलींवरून या चहाघराला नाव मिळालं. तैवान १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षं जपानच्या ताब्यात होतं आणि हे घर त्याच काळात जपानी अधिकाऱ्यांच्या निवासासाठी बांधलं गेलं. लाकडी सांगाडा, मातीपासून वर उचललेली फळ्यांची जमीन, तातामी चटया, सरकती दारं. पुढे त्याला पाश्चात्य वळणाच्या वाढीव बांधकामाची जोड मिळाली. महायुद्धानंतर जपानी गेले, चीनमधून राष्ट्रवादी सरकार आलं आणि १९५० साली हे घर सीमाशुल्क खात्याचे प्रमुख चौ ते-वेई यांना राहायला मिळालं. ते अर्थतज्ज्ञ होते, लंडनला फ्रीडरिख हायेक यांच्याकडे शिकलेले. हायेक यांचा स्वातंत्र्यावरचा ग्रंथ त्यांनी चिनीत आणला. तैवानमध्ये १९४९ ते १९८७ लष्करी कायदा होता. मोकळेपणानं बोलणं धोक्याचं असलेल्या त्या वर्षांत यिन हाय-क्वांग यांच्यासारखे उदारमतवादी विचारवंत या घरी जमत. १९८१ साली चौ यांचे चिरंजीव चौ यू यांनी घराचं चहाघर केलं आणि पुढे लेखक, चित्रकार, सरकारविरोधी चळवळीतली माणसं तिथे येऊन बसू लागली. म्हणजे या चहाघरात ज्या संस्कृती एकत्र दिसतात त्यातल्या बहुतेक कुणी सजावटीसाठी आणलेल्या नाहीत. त्या घरात आधीच होत्या. चौ यू यांनी त्यांतली कुठलीही खरवडून काढली नाही, हे त्यांचं मोठं काम.

पण राखून ठेवलं एवढ्यानं चहाघर होत नाही. चहा तिथे का जुळला, हे पाहायला हवं. तैवानचा चहा शंभरेक वर्षं मुख्यतः परदेशी जाण्यासाठी पिकत होता. १८६९ साली जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्यानं तिथला ऊलाँग चहा थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि त्या व्यापाराला वेग आला. १९७०च्या दशकात निर्यात घटू लागली, तेव्हा तैवानी माणूस आपल्याच डोंगरातला चांगला चहा सावकाशीनं पिऊ लागला आणि त्यासाठी निवांत चहाघरं निघू लागली. ऊलाँग पिण्याची ही रीत चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरची, फूच्येन आणि चाओचौकडची. मुठीत मावेल एवढं मातीचं चहापात्र, दोन घोटांचे पेले आणि शेजारी सतत तापतं पाणी. पानं एकदाच घालायची, पाणी मात्र पाच-सहा वेळा ओतायचं. दर ओतण्याला चव बदलते आणि त्या बदलाकडे लक्ष देणं हाच बैठकीचा आनंद असतो. चार-पाचांपेक्षा जास्त माणसं यात सामावत नाहीत, कारण ओतणाऱ्याचा हात न उठता प्रत्येक पेल्यापर्यंत पोचायला हवा. तास-दोन तास सहज जातात. आता जपानी खोली पाहा. चटईवर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असते आणि तिथली खिडकी, बागेकडे उघडणारी बाजू, दाराची चौकट हे सगळं त्या नजरेच्या हिशोबानं बांधलेलं असतं. खोली लहान, सरकत्या दारांनी बाहेरचा आवाज अडवणारी. चिनी माणूस गेली हजारेक वर्षं खुर्चीवर बसत आला आहे, तरी त्याची ही चहाची रीत जपानी जमिनीवर नीट बसली, कारण दोन्हींना लहान वर्तुळ, जवळचा हात आणि लांब वेळ हवा होता. पाश्चात्य वळणाच्या भागात टेबल-खुर्च्या आहेत. ज्यांना मांडी घालून बसणं जमत नाही त्यांची सोय तिथे होते. कुठली शैली कुठे, हे तिथे माणसाच्या शरीरानं ठरवलं आहे.

यावर पहिला आक्षेप शुद्धतेचा येतो. जुनी वास्तू हाती घेतली तर ती मूळ रूपात न्यावी, नंतरच्या भरी काढून टाकाव्यात आणि निदान नव्या तरी घालू नयेत, असं अनेक जाणकारांना मनापासून वाटतं. या आग्रहामागची कळकळ खरी आहे. पण तैपेईच्या घराचं मूळ रूप म्हणजे कुठलं? ते निव्वळ जपानी करायचं तर चौ कुटुंबाची तीस वर्षं आणि त्या दिवाणखान्यातल्या चर्चा पुसाव्या लागतील. निव्वळ चिनी करायचं तर घरच उरणार नाही. १९६४ साली वारसा-जतनाबद्दल जी व्हेनिसची सनद झाली तिनं हा प्रश्न स्पष्टपणे सोडवला आहे. वास्तूत प्रत्येक काळानं टाकलेल्या भरीचा मान राखावा आणि शैलीची एकरूपता हे जीर्णोद्धाराचं उद्दिष्ट नाही, असं ती म्हणते. याच आक्षेपाचं दुसरं रूप जास्त बोचरं आहे. जपानी राजवट तैवानवर लादलेली होती, तिच्या खुणा कौतुकानं का जपायच्या? सत्तरच्या दशकात तैवानमध्ये जपानी काळातली कित्येक देवळं आणि स्मारकं याच भावनेनं हटवली गेली. ती भावना समजण्यासारखी आहे. पण या घराच्या बाबतीत उत्तर घरानंच दिलं. सत्ताधाऱ्यांसाठी बांधलेल्या जागेत सत्तेला प्रश्न विचारणारी माणसं बसू लागली. १९९७ साली सरकारी खात्यानं घर परत मागितलं तेव्हा कलावंत आणि लेखक त्याच्या बाजूनं उभे राहिले आणि त्याच वर्षी त्याला शहराचा वारसा म्हणून दर्जा मिळाला. ते घर वाचलं त्यात जपानी सुतारकामाइतकाच तिथल्या बैठकांचा वाटा आहे.

शुद्धतेबद्दल आणखी एक गोष्ट. ज्या जपानी चहाघराला आपण अस्सल जपानी मानतो, तेच मुळात मिश्र आहे. क्योतोजवळ ओयामाझाकी इथे तायआन नावाची चहाची खोली आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीची, चहागुरू सेन नो रिक्यू यांच्या नावानं ओळखली जाणारी आणि जपाननं राष्ट्रीय ठेवा मानलेली. तिचा आकार अवघ्या दोन तातामींचा. भिंती गवताचे तुकडे दिसतील अशा मातीच्या, शेतकऱ्याच्या झोपडीतल्यासारख्या. आत जायचं तर वाकून, सरपटत. चहाचं पीक आणि पूड करून घुसळण्याची रीत चीनमधून आलेली, बौद्ध भिक्षूंच्या हातून. आणि त्या काळच्या रसिकांनी सर्वांत मोलाचे मानलेले कित्येक वाडगे कोरियातले, रोजच्या वापरासाठी कुंभारानं भराभर घडवलेले. त्यातला एक क्योतोच्या दाइतोकुजी मठात आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपला आहे. चीन, कोरिया, शेतकऱ्याची झोपडी आणि मठ एवढं सगळं दोन चटयांच्या जागेत मावलं, कारण तिथे एकच प्रश्न विचारला गेला होता. एक यजमान आणि दोन-तीन पाहुणे अगदी जवळ बसून एक वाडगा चहा पिणार आहेत, त्यासाठी काय लागेल? जे लागलं ते घेतलं. म्हणून मिश्रणानं परंपरा भ्रष्ट होते, हे मला मान्य नाही.

कुणी म्हणेल, तैपेईच्या घरात थर आपोआप साचले होते. ज्या इमारतीत असे थर नाहीत तिथे दुसऱ्या संस्कृतीची शैली आणणं म्हणजे उसनवारीच. या शंकेचं उत्तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये मिळतं. तिथल्या सॉकीहॉल स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकातली एक चारमजली, रांगेतली, दिसायला अगदी सामान्य इमारत केट क्रॅन्स्टन या बाईंनी घेतली आणि तिचं रूपांतर चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुकाराकडे सोपवलं. १९०३ साली तिथे विलो टी रूम्स सुरू झाली. क्रॅन्स्टन बाईंचे भाऊ स्टुअर्ट चहाचे व्यापारी होते. गिऱ्हाइकांना दुकानात बसून चहा पिता यावा म्हणून त्यांनी १८७५ च्या सुमारास टेबलं मांडली आणि ग्लासगोत चहाघरांची सुरुवात झाली. त्या शहरात दारूचं व्यसन मोठं होतं आणि दारूबंदीची चळवळही तशीच जोमदार. शिवाय कामाला किंवा खरेदीला बाहेर पडलेल्या बाईनं एकटीनं निर्धास्त बसावं अशी जागा नव्हती. क्रॅन्स्टन बाईंचा धंदा या दोन गरजांवर उभा राहिला. इमारतीची मांडणीही त्यावरूनच झाली. पुढच्या बाजूला स्त्रियांसाठी उजळ पांढरी चहाची खोली, मागे सर्वांसाठी जेवणाचं गडद दालन, त्यावर सज्जा, वरच्या मजल्यांवर पुरुषांसाठी बिलियर्ड आणि धूम्रपानाच्या खोल्या. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, आरसे, चंदेरी आणि जांभळ्या रंगांची सर्वांत देखणी खोली, जिथे मॅकिंटॉश यांच्या पत्नी मार्गारेट मॅकडोनल्ड यांनी घडवलेला उठावाचा चित्रफलक होता. खुर्चीपासून काट्या-चमच्यापर्यंत आणि वाढणाऱ्या मुलींच्या पोशाखापर्यंत सगळं एकाच विचारातून आलं.

यात जपान कुठे आहे? मॅकिंटॉश जपानला कधी गेले नाहीत. पण ग्लासगो जपानशी घट्ट बांधलेलं होतं. क्लाइड नदीकाठच्या गोद्यांमध्ये जपानसाठी जहाजं बांधली जात, हेन्री डायर या तिथल्याच अभियंत्यानं तोक्योत अभियांत्रिकी शिक्षणाचा पाया घातला होता, १८७८ साली जपान सरकार आणि ग्लासगो शहर यांच्यात कलावस्तूंची देवघेव झाली होती आणि जॉर्ज हेन्री व एडवर्ड हॉर्नेल हे ग्लासगोचे चित्रकार १८९३-९४ मध्ये जपानला राहून आले होते. त्या काळी युरोपात जपानी पंखे, छत्र्या आणि किमोनोंची लाट होती. मॅकिंटॉश यांनी त्यातलं जवळजवळ काहीच घेतलं नाही. त्यांनी घेतली ती जागा विभागण्याची रीत. भिंत न घालता जाळीच्या पडद्यानं खोली विभागणं, उघड्या लाकडी खांबांचा ताल, उजेड आणि अंधार शेजारी ठेवणं. त्यांच्या उंच पाठीच्या प्रसिद्ध खुर्च्या याच अंगानं समजतात. चार जण अशा खुर्च्यांवर टेबलाभोवती बसले की गर्दीच्या दालनात त्यांची एक आडोशाची खोली तयार होते. विलोमध्ये पुढचं उजळ आणि मागचं गडद दालन यांच्या मधोमध वक्र जाळीच्या पाठीची एक खुर्ची होती. तिच्यावर देखरेख करणारी बाई बसायची आणि खुर्चीची पाठ दोन दालनांमधला पडदा व्हायची. शहराच्या चहाघराला दिवसाला शेकडो माणसं हवी असतात आणि प्रत्येक टेबलाला थोडा एकांतही हवा असतो. हा पेच सोडवायला जपानी घराची युक्ती कामाला आली. उसनवारी वाईट ठरते ती वरवरची असते तेव्हा. इथे ती कामाची होती, म्हणून ती स्कॉटिश झाली.

मुंबईकर वाचकाला याचं आणखी जवळचं उदाहरण ठाऊक आहे, फक्त आपण त्याकडे संस्कृतींचं मिश्रण म्हणून पाहत नाही. इराणी हॉटेलं. मरीन लाइन्सजवळचं कयानी १९०४ पासूनचं. मालक इराणमधून आलेले झरतुष्ट्री, खुर्च्या व्हिएन्नाच्या मायकेल थोनेट यांनी रूढ केलेल्या वाकवलेल्या लाकडाच्या, टेबलावर संगमरवर, भिंतीला आरसे, पाव गोव्याच्या पाववाल्यांनी मुंबईत रुजवलेला आणि चहा इराणमध्ये पितात तसा कोरा नसून दाट दुधाचा. इराणातली गालिच्यावरची बैठक मालकांनी इथे मांडली नाही, कारण इथलं गिऱ्हाईक गिरणीतून, कचेरीतून, गाडी पकडण्याआधी येणारं. त्याला दहा मिनिटांत चहा हवा. थोनेट यांची १८५९ सालची खुर्ची सहा लाकडी तुकडे आणि मूठभर स्क्रूंची. सुटी करून पेटीत भरली की एका घनमीटरमध्ये छत्तीस मावत. हलकी, टिकाऊ, दमट हवेतही टिकणारी, पुसायला सोपी. संगमरवरावर सांडलेला चहा एका फडक्यानं जातो. आरशांमुळे गल्ल्यावरून सगळं दालन दिसतं आणि जागाही मोठी भासते. इथे कुणी सजावटकार नव्हता, पण बैठक स्पष्ट होती, म्हणून ते मिश्रण शंभर वर्षं टिकलं. आज नव्या हॉटेलांत इराणी वातावरण म्हणून चौकटींची फरशी आणि तशाच खुर्च्या आणल्या जातात, मात्र त्यांवर बसून तीन तास लॅपटॉपवर काम करायचं असतं. पाठ दुखते, माणूस पुन्हा येत नाही. खुर्ची तीच, बैठक वेगळी.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा आहे. जुन्या वस्तीतलं राहतं घर चहाघर झालं की आसपासची भाडी वाढतात, जुने रहिवासी सरकतात आणि शंभर रुपयांना कप परवडणाऱ्यांपुरतीच ती जागा उरते. हे घडतं आणि ते नाकारता येणार नाही. तरीही धंद्याशिवाय काय होतं, तेही ग्लासगोनंच दाखवलं आहे. क्रॅन्स्टन बाईंची इन्ग्रम स्ट्रीटवरची चहाघरं, तीही मॅकिंटॉश यांनीच सजवलेली, १९५० साली शहर पालिकेनं विकत घेतली. पण तिथे चहा बंद झाला, जागेचा वापर भलत्याच कामांना झाला आणि १९७१ मध्ये आतलं सगळं काम उतरवून गोदामात ठेवावं लागलं. त्यातली ओक लाकडाची खोली २०१८ पासून डंडीच्या व्ही अँड ए संग्रहालयात उभी आहे. पाहता येते, तिथे बसून चहा पिता येत नाही. उलट विलोची इमारत डिपार्टमेंट स्टोअरच्या पोटात जाऊनही तगली. २०१४ साली एका न्यासानं ती घेतली, दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये तिथे पुन्हा चहा मिळू लागला आणि २०२४ पासून ती नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे. तैपेईचं घरही आज सार्वजनिक मालकीचं आहे. म्हणजे नुसता बाजार पुरत नाही आणि नुसता सरकारी कागदही पुरत नाही. मालकी सार्वजनिक किंवा विश्वस्त संस्थेची आणि चहा रोजचा, हा जोड मला सर्वांत भरवशाचा वाटतो. पुण्या-नाशिकच्या, वाईच्या वाड्यांसाठी आपल्याकडे हा जोड क्वचितच विचारात घेतला जातो, याचं वाईट वाटतं. भाडेकरू, वारसदार आणि पालिका यांच्या ओढाताणीत वाडा पावसात भिजत राहतो आणि शेवटी पडतो.

आणि वाडा किंवा गोव्यातलं जांभ्या दगडाचं घर चहाघर करायला घेतलंच, तर त्या घराच्या अंगानंच जावं लागेल. मातीच्या आणि चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि परत सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत अडकते, गिलावा फुगतो आणि आतलं लाकूड कुजतं. म्हणून भिंत चुन्यानंच लिंपावी. चहाघराच्या भटारखान्यात दिवसभर वाफ असते. म्हणून तो मागच्या अंगणात वेगळ्या बांधकामात काढावा, माजघरात नको. माडीची तुळई घरच्या माणसांच्या वजनाची असते, रविवारच्या गर्दीची नसते. तिथे किती जण बसू शकतील, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावं. प्रत्येक टेबलावर विजेची किटली ठेवायची असेल तर जुनी वायरिंग लाकडी घराला आगीच्या तोंडी देईल. नवं जे घालाल ते नवंच दिसू द्यावं, खोटा जुनेपणा चढवू नये. आणि बैठक घरात आधीच असते. गोव्याच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, समोरासमोर दोन दगडी बाक असतात, दोन-चार माणसांच्या गप्पांसाठीच बांधलेले. तिथे कुठलीही परदेशी खुर्ची आणायची गरज नाही. वाड्याच्या ओसरीवर भिंतीला टेकून, चौकाकडे तोंड करून बसता येतं. ऊलाँगचं लहान चहापात्र तिथे छान शोभेल, कारण ती जागा सावकाशीची आहे. चौकात कटिंग चहाची उभ्या उभ्या गर्दी चालेल. माडीवरच्या दिवाणखान्यात टेबलं लावली तर खिडक्यांची उंची खुर्चीवरच्या नजरेला पुरते का, ते आधी पाहावं लागेल.

म्हणून ज्यांच्या हाती असं घर आलं आहे, त्यांना एक विनंती. सजावटकाराला बोलावण्याआधी घरातल्या प्रत्येक खोलीत, ओसरीवर, चौकात, सकाळी आणि दुपारी, पावसात आणि उन्हात बसून चहा प्या. जमिनीवर बसा, पाटावर बसा, खुर्चीवर बसा, दोघं बसा, दहा जण बसा. कुठे किती वेळ बसावंसं वाटतं, ते लिहून ठेवा आणि त्या कागदावरून काम सुरू करा.